दोन पायलीला मापटं कमी

माझा राग नाकावर असतो, हे घरात, कॉलेजात आणि भोर-हिर्डोशी गाडीच्या कंडक्टरला, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या शनिवारी मी तो गिळला. गिळावाच लागला, कारण समोर पुण्याहून आलेल्या परीक्षक अश्विनी मॅडम बसल्या होत्या आणि माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांच्या हातात होता.

प्रोजेक्ट म्हणजे एक घड्याळ. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडता येते. तिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती अक्षरं टाइप करून हुकूम सोडायचा असतो. त्या खिडकीत एक शब्द टाइप करून एंटर मारलं की माझं घड्याळ चालू होतं. तीन ओळींत गोल ठिपके उमटतात. वर तास, मध्ये मिनिटं, खाली सेकंद. काही ठिपके भरलेले, काही पोकळ. आकडा एकही नाही. कॉम्प्युटरला आतून दोनच गोष्टी कळतात, आहे आणि नाही, आणि तेवढ्या दोन गोष्टींत अख्खी वेळ सांगायची, हा त्यातला खेळ. सत्तर ओळींचा प्रोग्राम मी दिवाळीच्या सुट्टीत लिहिला. तो पहिल्यांदा चालला आणि सेकंदांची ओळ लुकलुकायला लागली, तेव्हा मी पडवीत एकटीच नाचले होते. म्हशीनं मान वर करून बघितलं होतं माझ्याकडे.

मॅडमनी पाच मिनिटं ते ठिपके न्याहाळले. “छान दिसतंय,” त्या म्हणाल्या. “किती वाजले?”

“अकरा सतरा,” मी डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं.

“तुला येणारच. तूच लिहिलंयस. बाकी कुणाला?” त्यांनी वर्गाकडे बघितलं.

कुमार उभा राहिला. कुमार आमच्या वर्गातला शहाणा. त्याच्या प्रोजेक्टमध्ये चार रंग आणि एक हलणारी बैलजोडी आहे. तो म्हणाला, “मॅडम, हिच्या घड्याळात वेळ शोधेपर्यंत ती वेळ निघून जाते.” वर्ग खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी बाक घट्ट धरून उभी राहिले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. “हे बघ प्रेरणा, वाचता येत नाही त्याला घड्याळ कसं म्हणू मी? पुढच्या शनिवारी पुन्हा येतेय. कॉम्प्युटरचा गंधही नसलेलं एक माणूस घेऊन ये. त्यानं माझ्यासमोर या ठिपक्यांवरून वेळ वाचली, तर प्रोजेक्ट मंजूर. नाहीतर नवा विषय घ्यायचा.”

नवा विषय! प्रोजेक्ट जमा करायला पंधरा दिवस उरले होते. म्हणजे वर्ष गेल्यात जमा. बाहेर व्हरांड्यात आमचे आनंदराव सर, माझे मार्गदर्शक, रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, “प्रेरणा, अजून वेळ आहे. एखादं साधं काहीतरी कर ना, रंगीत.” सर मनानं फार चांगले आहेत, फक्त ते घाबरतात फार लवकर. मी म्हटलं, “सर, माणूस आणते.”

माणूस आणते म्हणणं सोपं होतं. सोमवारी मी मेसच्या काकूंना बसवलं. “काकू, सोप्पंय. उजवीकडून पहिला ठिपका एक, पुढचा दोन, पुढचा चार, मग आठ, मग सोळा, मग बत्तीस. भरलेले तेवढे धरायचे आणि बेरीज करायची.” काकू आठपर्यंत आल्या आणि त्यांची आमटी उतू गेली. मंगळवारी कंडक्टरला गाठलं. तो सोळापर्यंत आला आणि म्हणाला, “ताई, त्यापेक्षा माझ्या मोबाईलमधी बगा की.” बुधवारी आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, समोर घेतलं. अण्णांनी लॅपटॉप उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “पर ह्यात आकडं कुठं हाईत?” मी लॅपटॉप मिटला आणि न जेवता झोपले.

गुरुवारी बनाबाई आत्या आली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, वेल्ह्याला दिलेली. दर वर्षी मळणी झाली की ती वेल्ह्याहून दोन एस्ट्या बदलून हिर्डोशीला येते, कारण पुढच्या वर्षीच्या बियाण्याचं भात तिच्याच हातानं मापायचं, अशी आमच्या घरची रीत आहे. विकायचं भात आम्हीही काट्यावर मोजतो, लाल आकड्यांच्या. पण बियाणं आत्याच्या मापानं. तिच्याजवळ आजीची सहा मापं आहेत, एकात एक बसणारी. ती पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसते, गाडीत शेजारच्या बाईलासुद्धा हात लावू देत नाही.

आत्या शाळेत गेली नाही. अक्षर येत नाही, आकडा ओळखता येत नाही, घड्याळ वाचता येत नाही. तोंडी हिशेबाला मात्र ती मला हरवते. घड्याळावरून तिच्या मनाला एक ठसठस आहे, ती मला लहानपणापासून माहीत आहे. पूर्वी भोरच्या स्टँडवर तिनं एका माणसाला वेळ विचारली. तो खेकसला, “समोर एवढं मोठं घड्याळ लावलंय, दिसत न्हाई का?” तेव्हापासून आत्या कुणाला वेळ विचारत नाही. गाडीच्या दोन तास आधी जाऊन बसते. उन्हात, थंडीत, कशीही, दोन तास.

दुपारी जेवणं झाल्यावर अंगणात गोणपाट अंथरलं. आत्यानं मापं ओळीत मांडली, थोरलं डाव्या हाताला आणि मग उतरत उतरत धाकटं उजव्या हाताला, आणि भाताच्या राशीला हात जोडले. पहिलं माप टाकताना ती ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणते. “लाभ... दोन... तीन...” तिचा आवाज एका लयीत चालला होता. मी पायरीवर लॅपटॉप उघडून बसले होते. काम काहीच नव्हतं, नुसती त्या ठिपक्यांकडे बघून स्वतःची कीव करत होते.

मधेच आत्यानं पाठ सरळ केली. “काय गं ती काळी पाटी? सकाळधरनं तोंड पाडून बसलीयास.”

“घड्याळ हाय, आत्या. कुणालाच येत न्हाई वाचाया.”

ती उठून पायरीवर आली, पदरानं हात पुसले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. मी यांत्रिकपणे तोच पाढा म्हटला, पण कंटाळा आला होता म्हणून आकडे गाळले. “ह्यो उजवीकडचा सगळ्यात ल्हान. त्येच्या शेजारचा त्येच्या दुप्पट. त्येच्या शेजारचा आणिक दुप्पट. असं सा. भरल्याला त्येवढा धरायचा, पोकळ सोडून द्यायचा.”

आत्यानं वळून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, “मग मापं म्हण की.”

“काय?”

“मापं गं! सा मापं. थोरली पायली, मग अधोली, मग शेर, मापटं, चिपटं अन् ह्ये कोळवं.” तिनं अंगणातल्या ओळीकडे बोट केलं. “दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तू म्हन्तीस त्येच न्हवं का?”

मी अंगणातल्या सहा मापांकडे बघितलं. मग पडद्यावरच्या सहा ठिपक्यांकडे बघितलं. कोळवं एक, चिपटं दोन, मापटं चार, शेर आठ, अधोली सोळा, पायली बत्तीस! मोठं डावीकडे, लहान उजवीकडे! दिवाळीत जी गोष्ट शिकायला मी तीन दिवस डोकं आपटलं होतं, ती आमच्या घरात पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती, आणि मी लहानपणी तिच्यात खडे भरून खेळले होते!

“आत्या, मधली वळ वाच,” माझा आवाज चिरकला. “वाच, वाच!”

“पायली भरली. अधोली रिकामी. शेर भरला. मापटं रिकामं, चिपटं भरलं, कोळवं रिकामं.”

“कोळवी किती झाली समदी?”

तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. “पायलीची बत्तीस, शेराची आठ, चिपट्याची दोन. बेचाळीस.”

मी मोबाईल बघितला. तीन बेचाळीस. मी ओरडले. असं ओरडले की अण्णा गोठ्यातून दावं हातात घेऊनच पळत आले. “काय झालं? साप?”

“अण्णा, आत्याला घड्याळ आलं!”

मग वरची ओळ. तिथं घोटाळा झाला, कारण माझं घड्याळ चोवीस तासांचं होतं. आत्यानं शेर, मापटं, चिपटं, कोळवं बरोबर वाचलं आणि म्हणाली, “पंधरा वाजलं? असं कुठं असतंय का?” बरोबर होतं तिचं. मी तिथल्या तिथं प्रोग्राममधली एक ओळ बदलली आणि बारा तासांचं केलं. आता वर नुसतं चिपटं आणि कोळवं भरलेलं. “तीन,” आत्या म्हणाली. “ह्ये शोभतंय.”

पण खरी गंमत पुढंच होती. तीन सत्तेचाळीस झाले. अधोली सोडून सगळी मापं भरलेली. आत्यानं माझा दंड धरला. “आता बग हं. आता एक कोळवं आलं की त्ये अन् हितलं कोळवं मिळून चिपटं. त्ये अन् ह्ये चिपटं मिळून मापटं. दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली. समदी धाकटी रिकामी हुतील अन् अधोली भरंल.” आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. सेकंदांची ओळ पळत होती. आणि पटकन, एका झटक्यात, चार ठिपके विझले आणि अधोली भरली! अण्णांनी चक्क टाळी वाजवली. आत्या हसत हसत पायरीवरच बसली, तिला धाप लागली होती. मी तिला मिठी मारली आणि तिच्या पाठीवरचा भाताचा भुसा माझ्या नाकात गेला.

“तासाला किती मिन्टं गं?” तिनं विचारलं.

“साठ.”

तिनं बोटांवर काहीतरी जुळवलं. “दोन पायलीला मापटं कमी.” झालं, तिच्यापुरता तास कायमचा ठरला.

चार वाजले तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. मिनिटांची सगळी ओळ पोकळ झाली होती. “समदी मापं रिकामी? छे छे! असं मांडत न्हाईत.” आमच्याकडे रिकामं माप उघडं ठेवत नाहीत, तळाला चार दाणे तरी टाकतात. आत्यानं मला काही कळायच्या आत चिमूटभर भात उचललं आणि माझ्या कीबोर्डवर टाकलं. मी किंचाळले. अर्धे दाणे निघाले, अर्धे आत गेले. एंटर दाबलं की अजून कर्र वाजतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही भोरला निघालो. मी लॅपटॉप घेतला होता. आत्यानं मापं आणि दोन पायली भात घेतलं होतं, कारण मीच बेत केला होता की मॅडमना पडद्यावरची वेळ मापांत मांडून दाखवायची. गाडीत आत्या शांत होती. मीच मधेमधे विचारत होते, “आत्या, भ्यायला न्हाई ना हुत?” शेवटी ती वैतागली. “तुज्या बाच्या बियाण्याचं माप चुकलं तर वरीस बुडतंय. तितं न्हाई भ्याले, अन् हितं भिऊ व्हय?”

वर्गात सगळे होते. आनंदराव सर रुमाल घेऊन तयार होते. आत्याला हिरव्या नऊवारीत, हातात गोणपाटाची पिशवी घेऊन आत येताना बघून कुमार शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

मी फळ्यावर लिहिलं: भरलेलं माप म्हणजे एक, रिकामं माप म्हणजे शून्य. खाली सहा मापांची नावं आणि त्यांची कोळवी. मॅडमनी वाचलं, मान हलवली आणि अट घातली. लॅपटॉपचा पडदा आत्याकडे. मॅडम टेबलाच्या पलीकडे, त्यांना पडदा दिसणार नाही. आत्यानं मिनिटं मापांत मांडायची, मॅडम मापं बघून वाचणार. मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड बंद ठेवून.

मला तिथून पडदा दिसत होता. अकरा वीस. आत्यानं एकदा बघितलं, पायली बाजूला सरकवली, अधोली भरली, काठावर आलेला ढीग, म्हणजे शीग, हातानं सारखी केली. शेर सोडला. मापटं भरलं. चिपटं, कोळवं सोडलं. अगदी बरोबर! सोळा आणि चार, वीस! मी आनंदराव सरांकडे बघून हसले.

आणि मग आत्यानं पिशवीत हात घातला आणि रिकाम्या चारही मापांत चिमूट चिमूट भात टाकलं.

मॅडम वाकल्या. त्यांनी एकेक मापात डोकावून बघितलं, फळ्याकडे बघितलं, पुन्हा मापांत बघितलं. “भरलेलं एक, रिकामं शून्य, असं तू लिहिलंयस. इथं रिकामं एकही नाही. सहाही मापांत भात आहे. म्हणजे मी काय वाचायचं? अकरा वाजून त्रेसष्ट मिनिटं?”

वर्ग फुटला. कुमार तर बाकावर आडवा झाला. मी धावत टेबलापाशी गेले. “आत्या, काढ त्ये! काढ लवकर!” मी शेर उचलून पालथा करायला गेले, तर आत्यानं माझं मनगट पकडलं. तिची पकड पायली उचलून उचलून लोखंडासारखी झाली आहे.

“माप पालथं घालतीस व्हय, भरल्या घरात?”

“आत्या, माझं वरीस जाईल!”

“गप ऱ्हा.” तिनं मला बाजूला केलं आणि मॅडमकडे वळली. आवाज चढवला नाही, खाली केला. “बाई, तुमी शिकल्याली. मला सांगा, माप भरलं कवा म्हनायचं?”

मॅडमनी फळ्याकडे बोट केलं.

“शीग लागली की भरलं. ही अधोली बगा, शीग हाय. ह्ये मापटं, शीग हाय. ही दोन भरली. बाकीच्यांत तळाला चार दानं हाईत. त्येला कोन मापात धरतंय? रिकामं माप माणसांम्होरं मांडायचं न्हाई म्हनून टाकल्यालं हाईत त्ये. अधोली अन् मापटं, वीस. आता एकवीस झालं.” पडद्याकडे बघून तिनं कोळव्यात भात ओतलं आणि शीग लावली. “घ्या.”

मॅडमनी चिपटं उचललं. तळाचे चार दाणे त्यांनी हलवून बघितले. मग कोळवं उचललं. दोन्ही शेजारी शेजारी धरून त्या बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं. आणि एकदम त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिले.

“ऐका रे सगळ्यांनी,” त्या वर्गाकडे वळल्या. “कॉम्प्युटरच्या आत शून्य म्हणजे काय?”

“काहीच नाही, मॅडम,” कुमार म्हणाला. “वीज बंद.”

“चूक! साफ चूक! तारेत शून्य असतं तेव्हासुद्धा थोडी वीज असतेच. पूर्ण कोरडी तार कुठेच नसते. म्हणून एक खालची पातळी ठरवलेली असते. तिच्या खाली असेल ते शून्य धरायचं. वर एक दुसरी पातळी असते, तिच्या पलीकडे गेलं की एक. मी वीस वर्षं हे शिकवतेय आणि दर वर्षी मुलं मला हेच उत्तर देतात, काहीच नाही!” त्यांनी चिपटं उंच धरलं. “हे शून्य आहे. खरं शून्य असंच असतं, तळाला चार दाणे असलेलं. आणि हे मला आज या बाईंनी दाखवलं.”

आनंदराव सरांनी रुमाल खिशात ठेवला. आत्यानं मला हळूच विचारलं, “काय म्हनत्यात?” मी म्हटलं, “तुजं बरोबर हाय म्हनत्यात.” ती म्हणाली, “त्ये मला ठाव हाय. तुज्या घड्याळाचं काय?”

मॅडमनी ऐकलं. “घड्याळाची परीक्षा अजून बाकी आहे,” त्या म्हणाल्या. “एकदा वाचलं म्हणजे वाचता येतं असं नाही.” त्यांनी आत्याला खुर्ची दिली, लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि बाकीच्यांचे प्रोजेक्ट बघायला घेतले. कुमारची बैलजोडी हलायला लागली. मधेच, अजिबात न सांगता, मॅडमनी मान न वळवता विचारलं, “किती वाजले?”

“अकरा एकतीस,” आत्या म्हणाली.

बैलजोडी पुढे सरकली. “आता?”

“अकरा छत्तीस. पायली अन् मापटं.”

मॅडमनी कुमारला आणखी दोन प्रश्न विचारले, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वळल्या. त्यांचा आवाज पडला होता. “आजी, मघाशी दोन्ही वेळा दोन मिनिटं चुकली तुमची, असं वाटतंय. खात्री करायला मी मुद्दाम थांबले होते. माझ्या घड्याळात आता अकरा चाळीस. तुम्ही वाचा बरं.”

आत्यानं पडदा बघितला. पुन्हा बघितला.

“पायली, शेर अन् चिपटं. बेचाळीस,” ती ठामपणे म्हणाली. “तुमचं घड्याळ चिपटंभर मागं हाय, बाई.”

वर्गातल्या प्रत्येकानं मोबाईल काढला. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये अकरा बेचाळीस होते. मॅडमनी आपलं घड्याळ कानाला लावलं, मग मोबाईल बघितला आणि खळखळून हसल्या. हसत हसतच त्यांनी मनगटावरच्या घड्याळाची किल्ली ओढली, काटा दोन मिनिटं पुढे सरकवला आणि माझ्या कागदावर सही केली. सगळ्यात मोठी टाळी कुमारनं वाजवली, हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे. नंतर तो आत्याच्या पाया पडला आणि तिला विचारत बसला की सेकंदांचंही असंच का.

त्या संध्याकाळी मी माझा जुना मोबाईल शोधून काढला. त्याची काच तडकलेली आहे, पण चालतो. त्यात ती काळी खिडकी बसवली, माझं घड्याळ टाकलं आणि सेकंदांची ओळ काढून टाकली. आत्याच्या पिशवीत तो ठेवताना तिनं विचारलं, “ह्ये वेल्ह्यालाबी चालंल?” मी म्हटलं, “जगात कुठंबी चालंल.”

रविवारी तिची गाडी साडेदहाची होती. दर वर्षी ती साडेआठ वाजताच फाट्यावर जाऊन बसते. त्या दिवशी दहा वाजून गेले तरी ती चुलीपुढं बसून चहाला आधण टाकत होती. अण्णा चारदा आत-बाहेर करून आले. “आक्का, अगं, गाडी जाईल!”

“बस खाली. अधोली भरली की निगायचं.”

दहा वाजून सोळा मिनिटांनी ती उठली. फाट्यापर्यंतची वाट तिच्या पायांनी बरोबर शेरभर, म्हणजे आठ मिनिटं. आम्ही पोचलो तेव्हा तिथं एक माणूस हातात बंद मोबाईल घेऊन रस्त्याकडे बघत उभा होता. आमच्या गावचा नव्हता, घाटाकडून चालत आलेला असावा. त्यानं आत्याच्या हातातला मोबाईल बघितला आणि म्हणाला, “मावशी, किती वाजलं वो? माझा बंद पडलाय.”

आत्या दचकली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. मग तिनं मोबाईल डोळ्यांसमोर धरला. परीक्षा म्हणून नव्हे, खरोखर वेळ हवी म्हणून तिला असा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता.

“धा वाजून चोवीस मिन्टं,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “बसा की. आजून सा हाईत.”

माझे डोळे भरून आले होते म्हणून गाडी आलेली मला आधी दिसलीच नाही. दार उघडलं, तो माणूस चढला, आत्या एक पाय पायरीवर ठेवून थांबली. तिनं एकदा मोबाईल बघितला आणि कंडक्टरला म्हणाली, “मापटंभर उशीर केलास की रं!”

कंडक्टर तोच, सोळापर्यंत येऊन हरलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

“चार मिन्टं म्हनती ती,” मी सांगितलं.

त्यानं खिशातून मोबाईल काढून बघितला, गुपचूप आत्याची पिशवी वर घेतली आणि बेल मारली.